स्टुडिओतलं टेबल कुठं आहे त्यावर तुमचं शिकणं ठरतं | बेळगाव-खानापूर-निपाणीच्या डिझाईनवाल्यांसाठी

नमस्कार मंडळी. आज विषय फर्निचरचा आहे, पण सोफा, पडदे, फॉल्स सीलिंग असलं काही नाही हं. आर्किटेक्चर, इंटेरिअर, फॅशन, प्रॉडक्ट, फाईन आर्ट, जे कोण स्टुडिओत बसून शिकतात त्यांच्या स्टुडिओतली टेबलं, स्टुलं, भिंती कशा मांडल्यात त्यावर तुम्ही काय शिकता हे बरंच ठरतं, आणि आपल्या या पट्ट्यात, म्हणजे बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी, अथणीच्या पोरांच्या बाबतीत तर जरा जास्तच ठरतं. का ते सांगतो. आणि पुढं सुताराला काय सांगायचं तेही सांगतो, मापासकट.

आधी लेक्चरची वर्गखोली आणि स्टुडिओ यातला फरक बघू. लेक्चरमध्ये माहिती एकाच जागेवरून येते, सर बोलतात, फळा समोर, सगळ्यांची तोंडं तिकडं, तिथं ओळीनं बाक लावले तर काही बिघडत नाही. स्टुडिओत माहिती चारी बाजूंनी येते. शेजारचा कटर कसा धरतोय, पलीकडची मुलगी प्लॅनवर बटर पेपर टाकून परत एकदा जिना हलवून बघतेय, मॅडम कुणाच्या टेबलवर काय खोडायलेत, कुणाचं मॉडेल कोसळलं आणि त्यानं ते काय लावून उभं केलं, हे बघत बघत डिझाईन शिकलं जातं. नेटवर, पुस्तकात तुम्हाला तयार झालेलं काम दिसतं, चकचकीत फोटो. अर्धवट काम, खाडाखोड केलेलं, गोंद लागलेलं, ते स्टुडिओतच दिसतं, आणि माणूस कुठं अडला आणि मग त्यानं काय टाकून दिलं हे त्यातूनच कळतं की.

आपल्या भागाला हे नवीन नाही. कोल्हापुरी चप्पल घ्या. नाव कोल्हापुरी, पण २०१९ साली जीआय, म्हणजे त्या-त्या भागाच्या वस्तूला मिळणारा भौगोलिक मानांकनाचा शिक्का, मिळाला तो महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून, आणि त्या कर्नाटकातल्या चारात आपला बेळगाव जिल्हा आहे, सोबत धारवाड, बागलकोट, विजापूर. अथणी-निपाणीकडं ज्या घरात चप्पल होते तिथं जाऊन बघा, सगळे जमिनीवर, एकमेकांना लागून, कोण तळ कापतंय, कोण शिवतंय, कोण पट्ट्याची वेणी घालतंय, आणि शाळेतून आलेलं पोरगं तिथंच मधे बसून दप्तर सोडतंय. त्याला कुणी शिकवत नाही, पण कातडं कुठल्या बाजूनं ओढलं की कसं येतं हे त्याला ठाऊक असतं, कारण बसायची जागाच अशी आहे की दिसल्याशिवाय राहत नाही.

डिझाईन शिकवणाऱ्या मोठ्या शाळांनी हेच मुद्दाम इमारतीत उतरवलं. जर्मनीत १९१९ साली वायमारला बाउहाउस सुरू झालं, तिथं सुरुवातीला प्रत्येक वर्कशॉपला दोन गुरू असायचे, एक कलाकार आणि एक कारागीर. पुढं शाळा डेसाऊला गेली आणि १९२६ ला जी नवी बिल्डिंग झाली तिच्या वर्कशॉपच्या बाजूला अख्खी काचेची भिंत, आत उजेडच उजेड, आत काय चाललंय ते बाहेरून दिसतं. आपल्याकडं अहमदाबादला १९६२ साली आर्किटेक्चरची शाळा सुरू झाली, आज आपण तिला सेप्ट म्हणतो, ती उभी केली बाळकृष्ण दोशींनी. जन्म पुण्याचा, शिक्षण मुंबईला जे.जे.त, २०१८ चं प्रित्झकर, म्हणजे आर्किटेक्चरमधलं सगळ्यात मोठं पारितोषिक, मिळालं, भारतातले पहिले. त्यांनी तिथले स्टुडिओ मोकळे ठेवले, अर्ध्या-अर्ध्या मजल्याच्या लेव्हल, उत्तरेकडून येणारा उजेड, म्हणजे जाता-येता सीनिअरचं काम ज्युनिअरच्या डोळ्यांखालून जातं, मुद्दाम दाखवायला नको.

आता आपल्याकडं काय होतं ते बघा. मी कुठल्या एका कॉलेजबद्दल बोलत नाहीये, हे खूप ठिकाणी आहे. बिल्डिंग आधी दुसऱ्या कोर्ससाठी बांधलेली असते, मग डिझाईनचा कोर्स सुरू होतो, एक वर्गखोली रिकामी करतात, दारावर स्टुडिओ असा बोर्ड लागतो आणि आतले बाक तेच, ओळीनं, काही तर जमिनीला बोल्ट मारलेले. मुलं त्यातच ॲडजस्ट करतात, ड्रॉइंग बोर्ड मांडीवर, मॉडेल खिडकीत, बॅग पायात, आणि काम काय होतं, घरी जातं. होस्टेलवर, पीजीवर, खोलीत एकट्यानं. स्टुडिओत फक्त दाखवायला येतं. मला यातली सगळ्यात वाईट गोष्ट ही वाटते की काम घरी गेलं की ते कुणालाच दिसत नाही, आणि चूक महिनाभर तशीच वाढत जाते, मग सबमिशनच्या आदल्या रात्री सगळं कोसळतं आणि पोरगं म्हणतं मला डिझाईन जमत नाही. त्याला जमतं ओ. त्याला चार फूट टेबल मिळालं नाही.

आता येतो आपल्या सीमाभागाच्या मुद्द्यावर, इथं जरा थांबणार आहे मी.

आपल्या एका वर्गात कोण कोण असतं? खानापूर, येळ्ळूर, कंग्राळीकडून आलेली मराठी मिडीयमची मुलं. बैलहोंगल, गोकाककडून आलेली कन्नड मिडीयमची. गोव्याहून आलेली कोकणी बोलणारी, घरी उर्दू बोलणारी, कॅम्पातल्या इंग्लिश शाळेतली. आणि व्हीटीयूचं, म्हणजे विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचं, हेडऑफिस १९९८ पासून आपल्याच बेळगावात असलं तरी सिलॅबस इंग्लिशमध्ये, पेपर इंग्लिशमध्ये, ज्युरी, म्हणजे पॅनेलसमोर काम मांडायची परीक्षा, तीही इंग्लिशमध्ये. पहिल्या सेमला ओळीचे बाक असले की आपोआप काय होतं, इंग्लिशवाले पुढच्या दोन ओळींत, मधे कन्नडवाले एकत्र, खिडकीकडं मराठीवाले एकत्र, आणि त्यात भांडण वगैरे काही नसतं, जिथं बोलायला सोपं तिथं माणूस बसतो. पण मग सरांचा शब्द ज्याला कळला नाही त्याला शेजाऱ्याचंही कळत नाही, कारण शेजाऱ्यालाही कळलेला नसतो.

अशा पोराला वाचवतं काय तर दिसणं. अमेरिकेतल्या एमआयटीत डोनाल्ड शॉन म्हणून प्राध्यापक होते, त्यांनी आर्किटेक्चरच्या स्टुडिओत शिक्षक आणि विद्यार्थी टेबलवर नेमकं काय करतात याचा बारीक अभ्यास केला आणि १९८३ साली तो छापला. त्यांचं निरीक्षण असं की शिक्षक नुसतं बोलत नाही, बोलता बोलता रेघ मारतो, रेघ मारता मारता बोलतो, आणि ती रेघ आणि तो शब्द मिळून एक भाषा होते, यातलं एक काढलं तर दुसरं अर्धवट राहतं. आता विचार करा, ज्या मुलाला शब्द पन्नास टक्के कळतो त्याला रेघ शंभर टक्के दिसलीच पाहिजे की नाही? सर म्हणाले शिफ्ट द ॲक्सिस, त्याला शब्द कळला नाही, पण सरांची पेन्सिल प्लॅनवरची मधली रेघ थोडी तिरकी करताना त्यानं बघितली की संपलं, कळलं. आणि ते बघायला तो सरांच्या शेजारी पाहिजे, समोर नको. समोर बसला की ड्रॉइंग उलटं दिसतं. मागच्या बाकावर उभा असला की सरांची पाठ दिसते.

म्हणून टेबलाचा कोपरा. (इथे आकृती दाखवायची: टेबल वरून, कोपऱ्याला दोन स्टुलं)

हा कोपरा माझ्या मनाचा नाही. रॉबर्ट सॉमर म्हणून मानसशास्त्रज्ञ होते, १९५० च्या दशकात त्यांनी कॅनडात एका हॉस्पिटलच्या जेवणाच्या हॉलमध्ये कोण कुणाशी बोलतं ते मोजलं. समोरासमोर बसलेले आणि शेजारी-शेजारी बसलेले यांच्यापेक्षा कोपऱ्याला, म्हणजे काटकोनात बसलेले लोक जास्त बोलताना दिसले. कारण सरळ आहे, कोपऱ्यावर बसलं की एकमेकांचं तोंडही दिसतं आणि दोघांना एकच वस्तू सरळही दिसते, आणि नको असेल तेव्हा नजर बाजूला नेता येते, अंगावर आल्यासारखं होत नाही. लाजऱ्या मुलांना याचा केवढा उपयोग आहे बघा.

त्याच सॉमरचा अजून एक अनुभव ऐका. म्हाताऱ्या बायकांचा एक वॉर्ड होता, खुर्च्या सगळ्या भिंतीला लावलेल्या, कोणी कुणाशी बोलत नाही. त्यांनी खुर्च्या ओढून छोट्या टेबलांभोवती मांडल्या. सुरुवातीला कुणालाच आवडलं नाही, खुर्च्या परत भिंतीकडं जायला लागल्या, पण काही आठवडे तसंच लावून धरल्यावर बोलणं चांगलंच वाढलं. हे मी स्टुडिओ घेणाऱ्या सर-मॅडमसाठी सांगतोय. तुम्ही टेबलं हलवली की पहिल्या आठवड्यात मुलं कुरकुर करणारच, मैत्रीण लांब गेली, चार्जिंगचा पॉइंट लांब गेला, आणि शिपाईमामा संध्याकाळी झाडून सगळं परत ओळीत लावणार. एका सेमचा तरी वेळ द्या त्याला.

आता मांडणी. चार ते सहा जणांचं एक बेट करा, टेबलं एकमेकांना चिकटवून, आणि बेटाचे निदान दोन कोपरे मोकळे ठेवा जिथं सर किंवा शेजारी स्टूल ओढून बसेल. बेटाच्या मागं तीन फूट वाट, म्हणजे कुणी मॉडेल घेऊन जाताना दुसऱ्याला उठावं लागणार नाही. पहिल्या सेमला बेटं सरांनी पाडावीत, एका बेटावर निदान दोन भाषा, आणि मिडटर्मनंतर बदलावीत. मी म्हणतो ही सक्ती केली तरी चालेल. पोरं महिन्याभरात एकमेकांच्या भाषेत कटर मागायला लागतात, आणि कन्नडवाल्याचं सेक्शन, म्हणजे इमारत उभी कापून काढलेलं ड्रॉइंग, चांगलं असेल तर मराठीवाला ते न विचारता शिकतो.

अंतराचंही बघा. एमआयटीतलेच थॉमस ॲलन, त्यांनी १९७० च्या दशकात इंजिनिअर लोकांचं बसायचं अंतर आणि त्यांचं कामाबद्दल बोलणं यांचा संबंध तपासला. अंतर वाढलं की बोलणं झपाट्यानं पडतं आणि पन्नास मीटरच्या पुढं जवळपास संपतं, मजला बदलला तर अजून वाईट. म्हणून सेकंड इयर तळमजल्यावर आणि फोर्थ इयर तिसऱ्यावर असेल तर ते एकाच कॉलेजात असून नसल्यासारखे. सगळ्यांना एका मजल्यावर आणणं जमत नसेल तर सीनिअरचं पिनअप, म्हणजे भिंतीला टाचलेलं काम, ज्युनिअरच्या दाराबाहेरच्या पॅसेजमध्ये लावा, त्याला पैसे पडत नाहीत.

आता माप, कारण गाडी इथंच अडते. ए-वन शीट किती असतो? ५९४ बाय ८४१ मिलीमीटर, म्हणजे साधारण २३ इंच बाय ३३ इंच. आता ज्या बाकावर तुम्ही बसता तो किती खोल आहे मोजा, पंधरा-सोळा इंच निघेल, म्हणजे शीटचा एक तृतीयांश हवेत. टेबल निदान चार फूट बाय अडीच फूट पाहिजे, ४८ बाय ३०. शीटचे ३३ इंच गेले की बाजूला १५ इंच उरतात, त्यात लॅपटॉप किंवा कटिंग मॅट बसते. दोन्ही एकदम नाही बसत, ते खरं आहे. जागा नसेल, वर्ग छोटा आणि मुलं चाळीस असतील, तर टेबल साडेतीन बाय दोन फूट करा, ए-वन जेमतेम बसेल, पण मग वर्गात एक-दोन मोठी उभी टेबलं कॉमन ठेवा, कापायचं, चिकटवायचं, स्प्रे सोडून सगळं काम तिथं. आणि खरं सांगायचं तर कॉमन टेबलवर मॉडेल करणारी मुलं जास्त शिकतात, कारण तिथं चारजण गोळा होतात आणि माउंट बोर्डला ४५ अंशात काप कसा द्यायचा हे एकानं दाखवलं की चौघांना येतं.

उंची. बसायचं टेबल २९-३० इंच असेल तर खुर्चीची सीट १८ च्या आसपास. उभं टेबल ३६ इंच असेल तर स्टूल २५-२६. सीट आणि टेबल यात दहा ते बारा इंचाचं अंतर हे लक्षात ठेवा, बाकी सगळं त्यावरून निघतं. आपल्याकडं गडबड अशी होते की टेबल एका ठिकाणाहून येतं, स्टूल दुसऱ्या लॅबमधून येतं, आणि मुलगी दुपारभर खांदे कानापर्यंत उचलून ड्राफ्टिंग करते. स्टूल उंच असेल तर पाय ठेवायला आडवी पट्टी पाहिजेच, पाय लोंबकळले की मांडीला रग लागते आणि अर्ध्या तासात माणूस उठून चहाला जातो. त्याला आळशी म्हणू नका.

उजेडाचं थोडक्यात. युरोपचं जे लायटिंगचं स्टँडर्ड आहे, ईएन १२४६४, त्यात लिहिण्या-वाचण्याला ५०० लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) आणि टेक्निकल ड्रॉइंगला ७५० लक्स सांगितलंय. मोबाईलवर लक्स मोजायचं फ्री ॲप येतं, अगदी बरोबर नाही दाखवत पण अंदाज येतो. जुलैमधे आपल्याकडं भर दुपारी ढग उतरले की टेबलवर किती येतं ते एकदा मोजून बघा आणि प्रिन्सिपलना आकडा दाखवा, अंधार आहे म्हणण्यापेक्षा आकडा चालतो. उजव्या हातानं लिहिणाऱ्याला खिडकी डावीकडं, डावखुऱ्याला उजवीकडं, नाहीतर स्वतःच्या हाताचीच सावली रेघेवर पडते. लॅपटॉपच्या समोर किंवा पाठीमागं खिडकी नको, बाजूला पाहिजे.

लॅपटॉपवरून आठवलं. आता निम्मं काम स्क्रीनवर आहे, आणि स्क्रीनचा एक त्रास असा की ती फक्त तिच्या मालकाकडं तोंड करून असते. कानात इयरफोन, समोर स्क्रीन, मग तुम्ही बेट करा नाहीतर गोल करा, कुणाला काही दिसत नाही. माझं मत विचाराल तर आठवड्यातून एकदा जे काय झालंय त्याचा ब्लॅक अँड व्हाईट ए-थ्री प्रिंट काढून भिंतीला लावायचा, कितीही कच्चं असू दे. झेरॉक्सवाल्याकडं चहाच्या पैशात होतं ते.

म्हणजे भिंत पाहिजे. सॉफ्टबोर्ड जमिनीपासून अडीच फुटावर सुरू होऊन साडेसहा-सात फुटापर्यंत, आणि शक्यतो आतल्या भिंतीला. बाहेरच्या भिंतीला लावला की आपल्या पावसात, खानापूरच्या बाजूला तर विचारूच नका, मागून ओल येते आणि ऑगस्टपर्यंत बुरशी. बाहेरचीच भिंत असेल तर मागं पट्ट्या मारून हवा खेळायला फट सोडा. माउंट बोर्डची शीटंही पावसात वाकतात, उभी टेकवून ठेवू नका, आडवी ठेवा आणि वर वजन. त्यासाठी ए-वनपेक्षा मोठे, उथळ खण असलेलं एक कपाट पाहिजे, आणि अर्धवट मॉडेल ठेवायला भिंतीत उघडी फळी. कुलूपबंद नको, उघडी. मॉडेल रात्री स्टुडिओत राहिलं तर दुसऱ्या दिवशी मुलगा स्टुडिओत येतो, हे साधं आहे.

ज्युरीबद्दल एक सांगतोच. पॅनेल खुर्च्या टाकून बसतं, मुलगा भिंतीजवळ उभा, बाकी वर्ग मागं. बोर्ड रंगवणाऱ्यांचा एक ठोकताळा आहे, एक इंच अक्षर दहा फुटावरून आरामात वाचता येतं. तुमच्या शीटवरचं अक्षर तीन मिलीमीटर. म्हणजे ते फूट-सव्वाफुटावरून आरामात दिसणार, आणि पॅनेल बसलंय आठ फुटावर. मग कामाकडं कोण बघणार, ते मुलाचं इंग्लिश ऐकत बसतात. आपल्या पोरांचे मार्क इथं जातात, आणि मला याचा मनापासून राग येतो, कारण काम चांगलं असतं. खुर्च्या काढून टाका. सगळी शीटं एका लांब भिंतीला, पहिली दहा मिनिटं पॅनेलनं आणि वर्गानं नुसतं जवळ जाऊन बघायचं, मग बोलायचं, आणि मॉडेल कमरेच्या वर, साडेतीन फुटाच्या स्टँडवर, जमिनीवर नाही.

आता पैसे. इंपोर्टेड मॉड्युलर स्टुडिओ फर्निचर लागत नाही. फ्लश डोअर माहिती आहे ना, साडेसहा बाय अडीच फूट रेडी मिळतं, त्याच्या कडेला लाकडी पट्टी आणि खाली दोन घोड्या, झालं टेबल, सुट्टीत उचलून भिंतीला लावता येतं. घोड्या एक इंची चौकोनी पाईपच्या करायच्या असतील तर उद्यमबागेत फॅब्रिकेशनवाले आहेतच, हायड्रॉलिक्स आणि फाउंड्रीच्या गावात हे काम अवघड नाही. चाकं लावणार असाल तर सगळ्या टेबलांना नको, फक्त कॉमन टेबलला आणि पिनअपच्या स्टँडला, चार इंचाची ब्रेकवाली घ्या, दोन इंची चाकं शहाबादी फरशीच्या सांध्यात अडकतात. पिनअप स्टँडसाठी अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या डी-स्कूलवाल्यांनी, म्हणजे तिथल्या डिझाईन शाळेनं, कपडे टांगायच्या चाकाच्या रॅकला व्हाईटबोर्ड लावला होता, तसली रॅक खडेबाजारात कपड्याच्या दुकानाबाहेर रोज बघता तुम्ही, त्याला सॉफ्टबोर्ड अडकवला की हलती भिंत तयार.

सगळं एकदम होणार नाही. माझा क्रम विचाराल तर आधी टेबलं हलवा, त्याला काही लागत नाही. मग सॉफ्टबोर्ड. मग मॉडेलची फळी. मग एक मोठं कॉमन टेबल. खुर्च्या-स्टुलं त्यानंतर, पण पाय ठेवायची पट्टी वेल्ड करून घ्यायला थांबू नका. बोल्ट मारलेले बाक असतील तर ऑफिसला लेखी द्या आणि सोबत खोलीचा प्लॅन स्केलमध्ये काढून जोडा, आधीचा आणि नंतरचा. तुम्ही डिझाईनचे विद्यार्थी आहात, ड्रॉइंग बघून माणूस लवकर हो म्हणतो. सेम ब्रेकच्या आधी द्या, सुताराला सुट्टीतच खोली रिकामी मिळते.

तुमच्या स्टुडिओची लांबी-रुंदी, दार कुठं, खिडक्या कुठल्या दिशेला, मुलं किती आणि टेबल कुठल्या मापाचं, एवढं खाली लिहा. मराठीत लिहा, कन्नडमध्ये लिहा, चालतंय. त्यातल्या दोन-तीन खोल्या घेऊन पुढच्या व्हिडिओत त्यांची मांडणी मी काढून दाखवतो.